पाचवीत परतलेला आनंदा : कागलच्या एका प्रकरणाचा अभ्यास

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. गेल्या वर्षी एका परिषदेचा विषय शाळाबाह्य मुलं हा होता. प्रत्येक शिक्षकानं एका मुलाचं प्रकरण लिहून आणायचं होतं आणि बाकीच्यांनी आपापल्या वर्गातली मुलं निवडली. मी निवडलेला मुलगा माझ्या जन्माच्या कितीतरी आधी शाळेत परतला होता, शिकून पुणे विद्यापीठात मराठीचा विभागप्रमुख झाला होता, आणि २०१६ साली गेलाही होता. तरी मी तोच घेतला. तो आमच्याच तालुक्यातला होता. शिवाय शाळेबाहेर पडलेलं पोरगं परत वर्गात कसं येतं आणि आल्यावर टिकतं कसं, हे त्याच्याइतकं बारकाव्यानं सांगितलेलं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

हा मुलगा म्हणजे आनंद यादव. जन्म ३० नोव्हेंबर १९३५, कागल (जि. कोल्हापूर). त्यांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली आली आणि १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यातला एक भाग 'जूझ' या नावानं एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात आहे. म्हणजे कागलच्या मळ्यातली आणि कागलच्या शाळेतली ही हकिकत कितीतरी लांबची मुलं परीक्षेसाठी वाचतात, आणि आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच मुलांना तो माणूस इथला होता हेही ठाऊक नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगते. या प्रकरणाचा आधार त्या मुलानंच मोठेपणी, सुमारे चार दशकांनी लिहिलेली कादंबरी आहे. बापाची बाजू आपल्याला मुलाच्या तोंडून कळते, आईचीही तशीच. त्यामुळे वाचताना थोडं सावध राहावं लागतं. पण ती आठवण एका विलक्षण निरीक्षकाची आहे. कुणी काय घातलं होतं, कोण कुठल्या बाकावर बसलं होतं हे तो विसरलेला नाही, आणि शिक्षकाच्या कामाला नेमकं तेच पडतं.

घर आणि मळा

प्रसंग साधारण १९४७च्या आगेमागे घडतो. पोरगा पाचवीत होता आणि बापानं शाळा सोडवून त्याला मळ्यात जुंपला होता. घरात बापाला दादा म्हणत. पोराच्या अंगावर मळ्याची सगळी कामं होती. उसाला पाणी पाजायचं, जनावरं राखायची, वैरण आणायची, आईच्या हाताखाली शेणी (गोवऱ्या) लावायच्या. शाळेसाठी जीव तुटायचा, पण दादासमोर उभं राहून 'मला शाळेला जायचंय' म्हणायची छाती नव्हती. बाप हाडं मोडील ही भीती होती.

ही भीती नुसती कल्पनेतली नव्हती. दादा मारायचा. हे मी मवाळ शब्दांत सांगणार नाही, कारण आजही सभा-समारंभांत 'त्या काळचे वडील कडक असायचे' असं म्हणून ते झाकलं जातं. पोराला जनावरासारखं राबवणं आणि तोंड उघडलं की बडवणं, याला कडकपणा म्हणत नाहीत.

पण बापाचं गणितही बघायला हवं, नाहीतर प्रकरण अर्धंच राहील. दिवाळी झाली की दादाचं गुऱ्हाळ गावात सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचं. बाकीचे शेतकरी थांबायचे. ऊस जितका उभा राहील तितका रस दाट होतो, काहिलीत गूळ जास्त पडतो, हा त्यांचा हिशेब. दादाचा हिशेब वेगळा होता. सगळ्यांचा गूळ एकदम बाजारात आला की दर पडतो, तेव्हा आपण आधी गाळायचं आणि मोकळ्या बाजारात चढा दर घ्यायचा. कोल्हापूरच्या गुळाचा धंदा ज्याला माहीत आहे त्याला हे डोकं चुकीचं वाटणार नाही. गुळाच्या पेठेत आवक वाढली की दराचं काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला आजही सांगावं लागत नाही.

अडचण निराळी होती. गुऱ्हाळ लवकर उरकलं की दादा मोकळा व्हायचा आणि दिवस गावात काढायचा. मळा बायकापोरांच्या जिवावर चालायचा. पोरगा शाळेत गेला तर उसाला पाणी कोण पाजणार, असं दादा विचारायचा. या प्रश्नाला खरं उत्तर होतं, 'तुम्ही पाजा'. ते उत्तर घरातलं कुणी देऊ शकत नव्हतं. सगळं प्रकरण या एका न बोलता येणाऱ्या वाक्याभोवती फिरतं असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट, कागलचीच. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्यानंतर तीसेक वर्षांनी त्याच कागलात एक पोरगा पाटाच्या कडेला उभा राहून शाळेत जाणारी मुलं बघत होता. राजाचा हुकूम गावापर्यंत पोचतो. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत तो कसा गेला, हे पुढच्या प्रसंगात दिसतं.

ती रात्र

दुपारचं ऊन. आई शेणी लावत होती आणि पोरगा तिला पाणी आणून देत होता. तिथं त्यानं तोंड उघडलं. जन्मभर मळ्यात राबून हाताला काही लागणार नाही, हे त्याला त्या वयात कळलं होतं. आज्याच्या वेळी जे होतं ते बापाच्या वेळी उरलं नव्हतं. शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे हातात राहतील. आईलाही हे पटत होतं, पण शिकण्याचं नाव काढलं की नवरा कसा अंगावर येतो हे तिला ठाऊक होतं. तोड पोरानंच सुचवली. आपण दत्ताजीराव देसायांकडे जाऊ. ते दादाला समजावतील.

दत्ताजीराव गावातलं मोठं माणूस, सरकार म्हणून ओळखलं जाणारं. रात्री मायलेकरं वाड्यावर गेली. आईनं सगळं सांगितलं. नवरा मळ्याकडे बघत नाही, दिवसभर गावात असतो, स्वतःला मोकळं हिंडता यावं म्हणून पोराला कामाला लावलंय. पोरानंही आपला हिशेब मांडला, आणि मला वाटतं त्यानं वाडा जिंकला तो या हिशेबानं. जानेवारी महिना आहे. आता वर्गात जाऊन बसलो तर दोन महिन्यांत पाचवीची तयारी होईल, परीक्षा पास होईन, वर्ष वाचेल. इतकं स्पष्ट मागणं घेऊन आलेल्या पोराला नाही म्हणणं अवघड असतं.

त्यानंतर आईनं जे केलं त्याला माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त गुण द्यायला हवेत. आम्ही इथं आलो होतो हे दादाला सांगू नका, असं तिनं देसायांना बजावलं. घरी येऊन नवऱ्याला एवढंच सांगितलं की सरकारांनी बोलावलंय. वाड्यावरनं बोलावणं आलं म्हणजे मान. दादा जेवायचाही थांबला नाही, तसाच निघाला. अर्ध्या तासानं तिनं पोराला पाठवलं, जेवायला बोलवायचं निमित्त करून. पोरगा तिथं पोचला तेव्हा देसायांनी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, 'कितवीत आहेस रे?' मग बापासमोर सगळं बाहेर आलं.

देसायांनी दादाला झाडलं. मळ्यात पैसा घालत नाहीस, कष्ट करत नाहीस, बायकापोरांना राबवतोस आणि स्वतः हिंडतोस. दादानं पोराच्या तक्रारी केल्या. हा शेणी विकतो, वैरण विकतो, सिनेमा बघतो, कामात लक्ष नाही. पोरानं त्याच्या परीनं खुलासा केला. देसायांनी निकाल दिला तो असा की उद्यापासून शाळेत जायचं, आणि बाप पाठवत नसेल तर माझ्याकडे यायचं, मी शिकवतो.

परिषदेत एका तरुण शिक्षकानं इथं मला अडवलं. हा खोटेपणा नाही का, असं त्यानं विचारलं. पोरगं आणि आई आधी जाऊन आली, ते लपवलं, बोलावण्याचं सोंग केलं. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला विचारलं, खरं बोलून त्या बाईच्या हाती काय लागलं असतं? मार. ज्या घरात खरं बोलायची सोय एकाच माणसाला असते, त्या घरातल्या बाकीच्यांना वाकडी वाट धरावी लागते. तिनं नवऱ्याचा मानही राखला. चारचौघांत त्याला उघडं पाडलं नाही. वाड्यात त्याला ऐकून घ्यावं लागलं, पण ते आपल्यापेक्षा मोठ्या माणसाकडून. घरी येऊन तो म्हणू शकत होता की सरकारांनी सांगितलं म्हणून पाठवतो. हार पचवायला माणसाला एवढी जागा लागते.

दादाच्या अटी

शाळेला परवानगी मिळाली, पण अटी घालून. सकाळी उठून मळ्यात जायचं आणि अकरा वाजेपर्यंत पाणी पाजायचं. दप्तर मळ्यातच न्यायचं, तिथनं थेट शाळा. शाळा सुटली की घरी येऊन तासभर जनावरं चारायची. आणि मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची.

आज एखाद्या पालकानं माझ्यासमोर अशा अटी ठेवल्या तर माझा पहिला विचार 'हे चालणार नाही' असाच असेल. कायदाही माझ्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण हा त्याचा हक्क आहे आणि हक्काला अटी नसतात. तरीसुद्धा, त्या घरात त्या रात्री आईनं आणि पोरानं अटी मान्य केल्या नसत्या तर आनंद यादव नावाचा लेखक मराठीला मिळाला नसता. पोराला त्या अटी जाचक वाटल्या नाहीत. त्याला आनंद झाला. यातलं कुठलं बरोबर, हे मला ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही बाजू मी माझ्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

पहिले आठ दिवस

कथा-कीर्तनात गोष्ट इथं संपते. पोरगा शाळेत गेला, मोठा झाला. पण 'झोंबी' वाचताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली पानं इथून पुढची आहेत.

वर्गात गेला तर त्याच्या बरोबरची मुलं पुढं निघून गेली होती. ओळखीची एकदोन, बाकी सगळी नवी आणि वयानं लहान. ज्यांना तो आपल्यापेक्षा कच्चं समजायचा त्यांच्यात बसायची पाळी आली. कडेच्या बाकावर एका टोकाला तो बसला. दप्तर कापडाचं, पुस्तकं-वह्या जुन्या. नेसायला धोतर आणि डोक्याला फडकं. एका दांडग्या मुलानं ते फडकं ओढून घेतलं, आपल्या डोक्याला गुंडाळून मास्तरांची नक्कल केली आणि मास्तरांच्या टेबलावर टाकून दिलं. मधल्या सुट्टीत धोतराचा सोगा ओढायचा प्रयत्न झाला. घरी जाताना त्याच्या मनात आलं, ही शाळा नको. यापेक्षा मळा बरा. तिथं कुणी खोडी तरी काढत नाही.

हा पोरगा कोण होता? शाळेसाठी ज्यानं आईला तयार केलं, वाडा गाठला, बापासमोर उभं राहून उत्तरं दिली, तो. तोसुद्धा एका दिवसात परत फिरायला निघाला होता. ज्याची इच्छा इतकी जबर नाही त्याचं काय होत असेल?

मग काय झालं, तर आठवडाभरात आईच्या मागं लागून त्यानं बाजारातनं टोपी आणि दोन चड्ड्या आणवल्या. धोतर गेलं, फडकं गेलं, तो इतर मुलांसारखा दिसायला लागला. बस्स, एवढंच. आमच्या प्रशिक्षणांमध्ये समावेशनावर तासन्‌तास बोललं जातं. मला ते सगळं एका टोपीत आणि दोन चड्ड्यांत दिसतं.

दुसरी गोष्ट घडली ती बाकावर. वर्गात वसंत पाटील नावाचा मुलगा होता. अंगानं किरकोळ, पण गणितात हुशार, वर्गाचा मॉनिटर. आनंदानं त्याला धरलं. तो जसा वह्यांना कव्हर घालतो तशी आपण घालायची, तो जशी गणितं सोडवतो तशी सोडवायची. गणिताचे मंत्री मास्तर कडक, चुकलेल्या पोराची मान धरून पाठीत बुक्की घालणारे. त्या धाकात आणि वसंताच्या नादात गणित सुटायला लागलं, दोघांची दोस्ती झाली, आनंदाही दुसऱ्यांची गणितं तपासायला लागला. मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारायला लागले. तोवर त्याला पुऱ्या नावानं फारसं कुणी हाक मारत नव्हतं. या हाकेनं वर्गात त्याची जागा पक्की झाली.

बुक्की घालणाऱ्या मास्तरांचं मला इथं समर्थन करायचं नाही. पण मुलगा टिकला तो एका सोबत्यामुळे आणि एका हाकेमुळे, हे मी अधोरेखित करून ठेवलं आहे.

मालतीचा वेल

आता लेखक कुठं जन्मला ते. मराठी शिकवायला न. वा. सौंदलगेकर मास्तर होते. ते कविता वाचून दाखवत नसत, गात असत. जुन्या-नव्या चाली त्यांना येत, छंद-वृत्तांची जाण होती, म्हणताना चेहरा आणि हात कवितेत उतरत. स्वतःही कविता करायचे. यशवंत, बोरकर, तांबे, गिरीश, केशवकुमार या कवींच्या भेटींच्या आठवणी वर्गात सांगायचे. आनंदा जिवाचे कान करून ऐकायचा. मग सकाळी उसाला पाणी पाजताना त्याच चालींवर त्याच कविता म्हणायचा. कधी नादात वाफा भरून पाणी बाहेर जायचं तरी कळायचं नाही.

यानंतरचं एक वाक्य मला हलवून सोडतं. शब्द त्यांचे देत नाही, आशय सांगते. आधी मळ्यात एकटं असलं की त्याला कंटाळा यायचा, कुणीतरी सोबत असावं वाटायचं. आता एकटं असणं आवडायला लागलं, कारण एकटं असलं की मोठ्यानं गाता यायचं, हातवारे करता यायचे, नाचताही यायचं. काम तेच होतं आणि बापही तोच होता. दिवसाचे तेच तास होते, पण त्या पोराला ते नव्यानं सापडले होते.

मास्तरांच्या दारात मालतीचा वेल होता आणि त्याच्यावर त्यांनी कविता केली होती. पोरानं वेलही बघितला होता आणि कविताही ऐकली होती. दोन्ही एकत्र डोळ्यांपुढं आली तेव्हा त्याला उमगलं, कवी म्हणजे दुसऱ्या लोकातला कुणी नसतो, हाडामांसाचा माणूस असतो. दारातल्या वेलावर कविता होऊ शकते तर आपल्या मळ्यावर, रानातल्या फुलांवर, गावावर का होऊ नये? जनावरं राखताना खिशात कागद-पेन्सिल ठेवायला सुरुवात झाली. कागद नसला की काडीनं म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या, नाहीतर खड्यानं दगडावर लिहायच्या. पाठ झाल्या की पुसून टाकायच्या. मास्तर त्या तपासायचे, भाषा कशी असते, वृत्त कुठं चुकलं, अलंकार कसा बसवायचा हे सांगायचे, वाचायला कवितासंग्रह द्यायचे.

हालांनी लेखक घडवला, असं आनंद यादवांबद्दल अनेकदा बोललं जातं. मला हे मान्य नाही आणि मी ते परिषदेत जोरात सांगितलं. त्या वेळी कागल परिसरात तशाच हालात वाढलेली शेकडो पोरं होती. तोच ऊस, त्याच शेणी, तसेच बाप. हालांत लेखक घडवायची ताकद असती तर गावोगावी लेखक दिसले असते. हालांनी बहुतेकांचं शिक्षण गिळलं आणि आवाजही गिळला. या एका मुलाच्या वाटेवर नेमक्या वेळी नेमकी माणसं उभी राहिली. युक्ती लढवणारी आई, अर्धा तास खर्चणारा देसाई, बाकावरचा वसंत, वेल दाखवणारा मास्तर. त्यांच्यामुळे हाल लिहिण्याजोगे झाले.

पु. ल. देशपांडे यांची 'झोंबी'ला प्रस्तावना आहे. ज्याला बाल्यच लाभलं नाही त्याचं हे बालकांड, अशा भावनेनं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला ते फार खरं वाटतं. हरवलेलं बालपण पुस्तकानं परत मिळत नाही.

लेखकात काय उरलं

हे थोडक्यात, कारण साहित्याचा अभ्यास करणारे माझ्यापेक्षा अधिकारानं यावर बोलतील. पहिला संग्रह 'हिरवे जग' कवितांचा होता. म्हशीच्या पाठीवर सुरू झालेला माणूस कवितेनंच छापील पानावर आला. १९७१च्या 'गोतावळा' कादंबरीत नारबा नावाचा गडी आहे, ज्याचं सगं म्हणावं असं माणूस नाही, मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा आणि ट्रॅक्टर आल्यावर तोही तुटत जातो. सकाळपासून अकरापर्यंत ज्याला गुरं आणि पाटाचं पाणी यांचीच सोबत होती, त्या पोराशिवाय हे कोण लिहिणार? त्यांच्या 'नटरंग' कादंबरीवर २०१० साली चित्रपट आला. त्यातला गुणा कलेच्या वेडापायी सगळं पणाला लावतो. मळ्यात एकटाच गात नाचणारा आनंदा मला त्याच्यात दिसतो. हे माझं वाचन आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही.

भाषा हा सगळ्यात मोठा ठेवा. शाळेत ज्या बोलीला गावंढळ म्हणून हसलं जायचं, ती कागल-कोल्हापूरकडची बोली त्यांनी कथेत, कादंबरीत ताठ मानेनं आणली आणि पुढं ग्रामीण साहित्याच्या चळवळीत ते पुढे राहिले. 'झोंबी' हा शब्दच बघा. कोल्हापुरात तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. शिकण्यासाठी बापाशी झालेल्या झगड्याला हे नाव देणारा माणूस मातीतलाच असतो.

'झोंबी'नंतर 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' असे आत्मचरित्राचे पुढचे भाग आले. 'घरभिंती'त शिकून सवरून नोकरीला लागलेला थोरला मुलगा आईबाप आणि भावंडांचा भार उचलताना दिसतो. शाळेत परतलेल्या एका मुलामागं अख्खं घर चालत आलं. बापाशी झोंबी घेणाऱ्या मुलानं बापाचं घर सोडून दिलं नाही, ही गोष्ट मला त्याच्या पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते.

आमच्या वर्गातला मुलगा

प्रकरण इथं थांबवलं असतं तर परिषदेला चाललं असतं. पण मी हे प्रकरण का निवडलं ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर यायचा बंद झाला. बाप गळीत हंगामात उसाच्या वाहतुकीला जायचा, घरी आजी आणि दोन म्हशी. सकाळी धारा, डेअरीत दूध घालणं, वैरण, सगळं पोराकडं. दोनदा घरी गेले, उपयोग झाला नाही. आजी म्हणायची, ''बाई, तुमचं खरं हाय, पर म्हशीस्नी कोण बघायचं?'' शेवटी भावकीतल्या एका वडीलधाऱ्या काकांना घेऊन गेलो. बापाचा त्यांच्यापुढं आवाज निघत नव्हता. दहा मिनिटांत काम झालं. मी समाधानानं घरी आले.

मुलगा चार दिवस आला. पाचव्या दिवशी बंद. मी नोंदवहीत 'पालकांची अनास्था' असा शेरा लिहिला आणि पुढच्या कामाला लागले.

पुढं मे महिन्याच्या सुट्टीत मी 'झोंबी' परत वाचायला घेतली. टोपी आणि चड्ड्यांच्या पानावर आले आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्या चार दिवसांत तो मुलगा कुठं बसला होता, हे मला आठवत नव्हतं. शाळा उघडायच्या आधी मी त्याच्या घरी गेले आणि सरळ विचारलं, ''तू का आला नाहीस रे?'' बराच वेळ तो म्हशीच्या दाव्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ''माझ्या बाकावर दुसरं बसतंय, बाई.''

तो दाराशी खाली बसला होता, चार दिवस. गणवेशाचा शर्ट दंडात बसत नव्हता म्हणून घरचा घातला होता आणि मुलं त्यावरनं बोलली होती. वाड्यावरचा अर्धा तास मी बरोबर पार पाडला होता. पुढच्या आठ दिवसांत मात्र मी तिथं नव्हते. बाप, आजी, म्हशी, कुणाचाच त्यात दोष नव्हता.

जूनमध्ये तो परत आला तेव्हा खिडकीशेजारचा बाक त्याच्यासाठी धरून ठेवला होता, आणि शेजारी वर्गातला हिशेबाला सगळ्यात चोख मुलगा. शर्ट आम्ही दोघी शिक्षिकांनी मिळून घेतला, मापाचा. डेअरीत दूध घालून यायला त्याला उशीर होतो, म्हणून परिपाठानंतर आला तरी हजेरी मांडायची असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्याला पुऱ्या नावानं हाक मारली. त्यानं मान वर करून बघितलं आणि 'हजर' म्हणाला.

तो आठवी पास होऊन पुढच्या शाळेत गेला. हंगामात अजून आठवड्यातनं एक-दोन दिवस बुडतात, असं त्याचे नवे वर्गशिक्षक सांगत होते. जाताना त्याच्या नोंदवहीतला माझा तो जुना शेरा मी लाल शाईनं खोडला आणि शेजारी लिहिलं : 'बाक नव्हता.'